बाळंतपणानंतर सातव्या आठवड्यात काळेनिळे चट्टे, एपीटीटी (रक्त गोठण्याची वेळ) ९२ सेकंद: अर्जित हिमोफिलिया धरून चालावं का?

शहादा_प्रसूती

तज्ज्ञांचं मत आज रात्रीच हवं आहे, म्हणून सगळे आकडे एकदम देते.

बाळंतीण २६ वर्षांची, वजन ४८ किलो. दुसरी खेप, नॉर्मल प्रसूती, आज सात आठवडे. माहेरी, तळोदा तालुक्यात आहे. दहा दिवसांपासून दंडावर आणि मांड्यांवर काळेनिळे चट्टे. घरच्यांच्या मते मालिशवालीने जोरात चोळल्यामुळे, म्हणून आठवडाभर कुणी दाखवलं नाही. चार दिवसांपासून पुन्हा अंगावरून जातंय, दिवसाला पाच-सहा पॅड. डावी मांडी सुजलेली, ताठ, हात लावू देत नाही. काल उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला होता. आज तिथे पट्ट्याच्याच रुंदीचा जांभळा वळ आहे, कडा सरळ आखल्यासारख्या.

हिमोग्लोबिन ७.१, प्रसूतीच्या वेळी १०.४ होतं. प्लेटलेट २.६ लाख. पीटी (गोठण्याच्या वेळेची दुसरी टेस्ट) १३ सेकंद, कंट्रोल (निरोगी नमुना) १२.५. एपीटीटी ९२, कंट्रोल ३०. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, अस्तर ६ मिमी, वार राहिल्याची खूण नाही. सिकलसेल सोल्युबिलिटी निगेटिव्ह. काल एफएफपीच्या (गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या) दोन पिशव्या दिल्या, त्यानंतर एपीटीटी ८४. पहिल्या बाळंतपणात किंवा दाढ काढताना जास्त रक्त गेलेलं नाही. माहेरी-आजोळी कुणाला रक्तस्रावाचा आजार नाही.

एक सल्ला क्युरेटिंगचा आला आहे. मांडीच्या सुजेला डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) समजून हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) सुरू करा, असा दुसरा. पुढच्या आठवड्यात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन ठरलेलं आहे ते वेगळंच. इथे राहून आज काय करता येईल आणि पाठवायचं तर कुठे?

रक्तविकार_नाशिक

मॅडम, आधी हात आवरा. क्युरेटिंग नको, हेपरिन नको, ऑपरेशन तर नकोच. या तिन्हींपैकी कुठलीही गोष्ट तिच्या जिवावर बेतू शकते.

एपीटीटी एकटाच लांबलाय, पीटी आणि प्लेटलेट व्यवस्थित आहेत, आधी कधी रक्तस्राव नाही आणि बाळंतपणाला काही आठवडे झालेत. ही चौकट जुळली की सिद्ध होईपर्यंत अर्जित हिमोफिलिया ए धरून चालायचं. यात शरीर स्वतःच्याच फॅक्टर आठविरुद्ध, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध, अँटीबॉडी तयार करतं. एकूण प्रमाण दहा लाखांत वर्षाला दीडच्या आसपास, म्हणून तो कुणाच्या पटकन डोक्यात येत नाही. युरोपातल्या मोठ्या नोंदवहीत ५०१ रुग्णांपैकी ४२ जणींचा आजार गर्भारपण-बाळंतपणाशी जोडलेला होता आणि निदान प्रसूतीनंतर साधारण ८९व्या दिवशी झालं होतं. म्हणजे सव्वा महिना उलटून, सगळं सुरळीत झालं असं घरच्यांना वाटू लागल्यावर हा आजार दिसतो.

जन्मजात हिमोफिलियात गुडघा, कोपर असे सांधे भरतात. इथे सांधे सहसा वाचतात, रक्त कातडीखाली आणि स्नायूंत साठतं. त्यामुळे मांडीची ती सूज रक्ताची गाठ असण्याचीच शक्यता जास्त. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून खात्री करा. तो होईपर्यंत एनॉक्सापॅरिनची (हेपरिनच्याच जातीचं औषध) एकही सुई नको. मांडी पोटाकडे ओढून झोपत असेल आणि पाय सरळ केला की कळ येत असेल, तर सोयास (कण्यापासून मांडीकडे येणाऱ्या) स्नायूतही रक्त असू शकतं. त्या अंगाने सोनोग्राफी पुन्हा बघा.

एफएफपीने का भागलं नाही तेही बघा. दोन पिशव्यांत मिळून ४०० युनिटच्या आसपास फॅक्टर आठ. ४८ किलोच्या बाईचा प्लाझ्मा सुमारे दोन लिटर, म्हणजे अँटीबॉडी नसती तरी पातळी २० टक्क्यांपर्यंत जेमतेम चढली असती. इथे अँटीबॉडी आलेला फॅक्टर त्याच वेगाने निकामी करतेय. आणखी दहा पिशव्या लावल्या तर फक्त छातीत पाणी भरेल. क्रायोचंही (प्लाझ्मातून काढलेला फॅक्टर आठचा अर्क) तेच.

आजपासून तिला स्नायूत एकही इंजेक्शन नको. डायक्लोफेनॅक कुठल्याच वाटेने नको, अ‍ॅस्पिरिन नको. दुखण्याला पॅरासिटामॉल, न भागल्यास ट्रामाडॉल. ट्रामाडॉल दिलं तर बाळ सुस्त पडतंय का, दूध ओढतंय का याकडे लक्ष. धमनीतून रक्त काढायचं नाही, मध्यवर्ती लाईन नको. बीपीचा पट्टा दर तासाला फुगवू नका, ऑटोमॅटिक मशीन असेल तर बंद करा. मालिश आणि शेक दोन्ही थांबवा, हे तिच्या आईला समोर बसवून सांगा.

आणि आज रात्रीच मिक्सिंग टेस्ट (पेशंटचा आणि निरोगी प्लाझ्मा मिसळून एपीटीटी बघणं) करून घ्या. साधी कोअ‍ॅग्युलेशन मशीन असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये होते.

लॅब_धुळे

मिक्सिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती अर्धवट केली तर उत्तर उलटं येतं.

आधी नमुना. निळ्या झाकणाची ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी, रेषेपर्यंत भरलेली. रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग. नळी अर्धी भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि एपीटीटी उगीच लांबतो. सलाईन किंवा हेपरिन लॉक असलेल्या कॅन्युलातून रक्त काढायचं नाही. हेपरिनची शंका असेल तर थ्रोम्बिन टाईम लावा, हेपरिनमध्ये तो हमखास लांबतो, या आजारात नॉर्मल राहतो. सेंट्रिफ्यूज दोनदा करा, म्हणजे प्लेटलेट उरत नाहीत. रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत टेस्ट व्हायला हवी.

नॉर्मल प्लाझ्मा एका माणसाचा घेऊ नका. विकतचा पूल नसेल तर कुठलंही औषध न घेणाऱ्या निरोगी लोकांचा एकत्र करा, जितके जास्त तितकं बरं.

तीन नळ्या घ्या. पहिलीत फक्त पेशंटचा प्लाझ्मा, दुसरीत फक्त नॉर्मल पूल, तिसरीत दोन्ही अर्धे अर्धे, म्हणजे ०.५ मिली अधिक ०.५ मिली. तिसरीचा एपीटीटी लगेच लावा. मग तिन्ही नळ्या झाकणं लावून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दोन तास. नंतर तिसरीचा एपीटीटी पुन्हा लावा, आणि त्याच वेळी पहिल्या दोन नळ्यांतून ताजं अर्ध-अर्ध मिश्रण करून त्याचाही लावा.

हे शेवटचं ताजं मिश्रण बरेच जण गाळतात. दोन तास उबेत ठेवलं की फॅक्टर आठ आपोआपही थोडा उतरतो. तो किती उतरला हे कळायला तुलनेला ते मिश्रण लागतं. दोन तास एकत्र राहिलेलं मिश्रण ताज्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांबलं, तर वेळ घेऊन काम करणारी अँटीबॉडी आहे.

चूक नेमकी इथे होते. लगेच लावलेला मिक्स बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल येतो. त्यावर 'करेक्शन झालं, फॅक्टरची कमतरता आहे' असा रिपोर्ट जातो आणि पेशंटला पुन्हा एफएफपी चढतं. दोन तासांचा आकडा हातात आल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नये. उलट एपीटीटी लांबवणारी दुसरी अँटीबॉडी असते, त्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटमध्ये मिक्स सहसा लगेचच लांबलेला असतो आणि पेशंटला रक्तस्राव नसतो.

पुढच्या टेस्ट फॅक्टर आठची पातळी आणि बेथेस्डा (अँटीबॉडीचं मोजमाप). एक बेथेस्डा युनिट म्हणजे ३७ अंशांवर दोन तासांत नॉर्मल प्लाझ्मातला निम्मा फॅक्टर आठ निकामी करणारी अँटीबॉडी. १:८ डायल्युशनला निम्मा उरला तर ८ युनिट. सोबत व्हॉन विलेब्रांड (रक्त गोठायला मदत करणारा दुसरा घटक) अँटिजन लावायला सांगा. गर्भारपणात वाढलेला हा घटक प्रसूतीनंतर खाली येतो आणि सौम्य व्हॉन विलेब्रांडच्या बायकांना त्याच काळात अंगावरून जास्त जातं. फॅक्टर नऊ, अकरा, बारा कमी दिसले तर घाबरू नका, तीव्र अँटीबॉडीमुळे ते खोटे कमी येतात. प्लाझ्मा पातळ करत नेला की आकडे वर येतात.

नमुना मुंबईला पाठवायचा विचार असेल तर गोठवून, कोरड्या बर्फात. थर्मोकोलच्या डब्यात साध्या बर्फाच्या लाद्या टाकून पाठवलं तर वाटेत वितळतं आणि फॅक्टर आठ खोटा कमी येतो. कोरडा बर्फ मिळत नसेल तर पेशंट जिथे जाईल तिथेच ताजं रक्त काढलेलं उत्तम.

शहादा_प्रसूती

मिक्सिंग झाली. लगेचचा मिक्स ३८, दोन तासांनी ७१, ताजं मिश्रण ४१. थ्रोम्बिन टाईम नॉर्मल. डॉपलरमध्ये शिरा मोकळ्या, मांडीच्या स्नायूत ९ बाय ५ सेंमीची गाठ. सोयास मोकळा आहे. दोन पॅक्ड सेल (फक्त लाल पेशींच्या पिशव्या) लावतेय. सकाळी हलवायची तयारी आहे. वाटेत आणि पोचल्यावर काय लागेल?

रक्तविकार_नाशिक

४१ विरुद्ध ७१, म्हणजे अँटीबॉडी नक्की. बेथेस्डाचा आकडा येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. रक्त थांबवायचं औषध किती द्यायचं हे त्या आकड्यावर ठरत नाही, रक्तस्रावावर ठरतं.

रक्त थांबवायला बायपास औषध लागेल, म्हणजे फॅक्टर आठला वळसा घालून गुठळी करणारं. दोन पर्याय आहेत.

पहिला रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए. ९० मायक्रोग्रॅम दर किलोला, म्हणजे तिला ४.३ मिग्रॅच्या आसपास, शिरेतून दोन ते पाच मिनिटांत, दर दोन-तीन तासांनी. रक्त थांबलं की अंतर वाढवत न्यायचं. विरघळवताना बाटली खळाखळा हलवायची नाही, हळू फिरवायची. दुसरा फायबा, म्हणजे सक्रिय गोठण-घटकांचं मिश्रण. ५० ते १०० युनिट दर किलोला, तिला २४०० ते ४८००, दर ८ ते १२ तासांनी. दिवसाला २०० युनिट दर किलो, म्हणजे तिच्यासाठी ९६००, ही मर्यादा ओलांडायची नाही. हळू द्या, मिनिटाला किलोमागे दोन युनिटपेक्षा वेगाने नको. दोन्ही औषधं एकत्र नकोत. एकाने भागलं नाही तर विचार करून दुसऱ्यावर जायचं.

या दोन्ही औषधांत एपीटीटी बघून काही कळत नाही. तो सुधारला म्हणून रक्त थांबलं असं नाही, आणि तसाच राहिला म्हणून औषध लागू पडलं नाही असंही नाही. टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमीवर पेनने आडवी रेघ मारा आणि त्याच रेघेवर दर सहा तासांनी मांडीचा घेर मोजून लिहा. सूज बोटांनी दाबून पाहू नका. सोबत पॅडची संख्या आणि हिमोग्लोबिन. पायाची बोटं हलतात का, पावलाला मुंग्या येतात का, हेही विचारत राहा. दाब वाढला म्हणून मांडी चिरायचा विचार बायपास औषध सुरू झाल्याशिवाय कुणी करू नये.

ट्रानेक्सॅमिक (गुठळी विरघळू न देणारं औषध) आत्ताच सुरू करा, १ ग्रॅम दर आठ तासांनी. लघवीतून रक्त जात असेल तर नको, मूत्रमार्गात गुठळी अडकते. पुढे फायबा वापरला गेला तर दोन्हींत ६ ते १२ तासांचं अंतर ठेवायला पत्रात लिहा. छातीत दुखणं, धाप, पोटरी दुखणं यांवर लक्ष. बाळंतिणीचं रक्त मुळात गुठळीकडे झुकलेलं असतं आणि ही औषधं त्यात भर घालतात. एक ईसीजी आधी काढून ठेवा.

कुठे न्यायचं? नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलिया डे केअर केंद्र आहे. निघण्याआधी फोन करून सात-ए किंवा फायबा शिल्लक आहे का आणि किती, हे विचारा. नसेल तर परळला केईएम. राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा संस्था त्याच आवारात आहे, बेथेस्डासकट सगळ्या टेस्ट तिथे होतात. फक्त 'हिमोफिलिया' सांगितलंत तर फॅक्टर आठच्या बाटल्या काढून ठेवतील. 'इनहिबिटर आहे, बायपास औषध हवं' हे शब्द वापरा. इनहिबिटर म्हणजे हीच अँटीबॉडी.

दोंडाईचामार्गे धुळ्याला जाणार असाल तर वाटेत आणखी कुठे दाखवायला थांबू नका. प्रत्येक थांब्यावर नवी कॅन्युला आणि नवं इंजेक्शन होतं. मनगटामागे एकच बारीक कॅन्युला लावून तीच सांभाळा. जुनी काढलीत तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं दाबून धरा. पत्रावर ठळक लिहा: स्नायूत इंजेक्शन देऊ नये, हेपरिन देऊ नये.

रक्तपेढी_जळगाव

पॅक्ड सेलच बरोबर आहे, होल ब्लड नको. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने चढायला हवं. दोन पिशव्यांनंतरही ७ च्या आसपासच राहिलं तर आत कुठेतरी रक्त जातंय, पोटाची सोनोग्राफी पुन्हा करा. क्रॉसमॅचचा नमुना आणि लॅबचा नमुना एकाच टोचणीत काढा.

इम्युनो_भुसावळ

रक्त थांबवणं हा अर्धा उपचार झाला. अँटीबॉडी नाहीशी होईपर्यंत ती पुन्हा कधीही रक्ताळू शकते, त्यामुळे निदान झालं की स्टिरॉईड लगेच. प्रेडनिसोलोन १ मिग्रॅ दर किलोला, तिला रोज ५० मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. आज सुरू केलं तरी चालेल, फक्त त्याआधी बेथेस्डासाठी आणि एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (दोन्ही हिपॅटायटिस बीच्या टेस्ट), एचआयव्ही, साखर यांसाठी रक्त काढून घ्या. छातीचा एक्स-रेही. आपल्याकडे टीबी दबून बसलेला असतो आणि स्टिरॉईडने डोकं वर काढतो.

२०२०च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे फॅक्टर आठ १ टक्का किंवा जास्त आणि अँटीबॉडी २० युनिट किंवा कमी असेल तर पहिले तीन-चार आठवडे नुसतं स्टिरॉईड. फॅक्टर १ टक्क्याहून कमी किंवा अँटीबॉडी २० च्या वर असेल तर सुरुवातीपासून जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध. वयस्क रुग्णांत ते सायक्लोफॉस्फामाईड असू शकतं. इथे नको. बाई २६ वर्षांची आहे, अंडाशय कायमचं मंद पडू शकतं, आणि दूध पाजणारीला तर ते चालतच नाही. तिच्यासाठी रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं), ३७५ मिग्रॅ दर चौरस मीटरला, आठवड्याला एक असे चार. उंची १५२ सेंमी धरली तर क्षेत्रफळ १.४२, डोस सुमारे ५३० मिग्रॅ. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय रिटुक्सिमॅब देऊ नका, झोपलेला विषाणू जागा होऊन यकृत बंद पडू शकतं.

एमिसिझुमॅबबद्दल (फॅक्टर आठच्या जागी काम करणारं इंजेक्शन) कुणीतरी विचारेलच. जपानमध्ये या आजारासाठी त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. चाचण्यांत पहिल्या दिवशी ६ मिग्रॅ दर किलो, दुसऱ्या दिवशी ३, आणि आठव्या दिवसापासून आठवड्याला १.५ अशी कातडीखाली दिली गेली. पुन्हा रक्ताळणं टाळायला चांगलं. पण ते दिल्यावर फायबा दिवसाला १०० युनिट दर किलोच्या वर गेला तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. एपीटीटी खोटा नॉर्मल येतो तो वेगळा, आणि नवख्या डॉक्टरला आजार बरा झाला असं वाटतं.

फॅक्टर आठ आणि एपीटीटी पहिले सहा आठवडे दर आठवड्याला. फॅक्टर ५० टक्क्यांवर आणि अँटीबॉडी शून्य झाली म्हणजे आजार आटोक्यात. स्टिरॉईड हळूहळू उतरवा, पाच-सहा आठवड्यांपुढे पूर्ण डोस ओढू नका. नंतर सहा महिने दर महिन्याला फॅक्टर आठ. औषध उतरवताना आजार उलटतो आणि नेमकी तेव्हाच बाई सासरी गेलेली असते, फाईल माहेरी राहते. फाईलचा फोटो तिच्या, नवऱ्याच्या आणि आशाताईंच्या मोबाईलमध्ये ठेवा.

काही बाळंतिणींत अँटीबॉडी आपोआप जाते हे खरं. पण त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर प्रत्येक दिवस धोक्याचा. वाट बघत बसू नका.

बाळरोग_अमळनेर

बाळाकडेही बघा. ही अँटीबॉडी वारेतून बाळात जाऊ शकते. प्रसूतीनंतर तयार झाली असेल तर बाळाला काही नाही, पण ती कधी सुरू झाली हे कुणी पाहिलेलं नाही. बाळाच्या अंगावर चट्टे नाहीत ना, सहा आठवड्यांची लस टोचली तिथे मांडीत गाठ आली नाही ना, हे नीट बघा. शंका असेल तर बाळाचा एपीटीटी, हाताच्या शिरेतून, आणि तो येईपर्यंत पुढची लस थांबवा. या वयात एपीटीटी मोठ्यांपेक्षा थोडा लांब असतोच, मोठ्यांच्या कंट्रोलशी तुलना करू नका. आईकडून आलेली अँटीबॉडी काही आठवड्यांत ओसरते.

दूध बंद करू नका. ५० मिग्रॅ प्रेडनिसोलोनमधलं दुधात फार थोडं उतरतं. गोळी घेण्याआधी पाजायचं आणि नंतर चार तासांचं अंतर ठेवायचं, म्हणजे तेही कमी होतं. ट्रानेक्सॅमिकला अडचण नाही. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा चालू राहू दे, पण साखर तपासत राहा. स्टिरॉईडवर गोड भरपूर झालं तर ती चढते.

शहादा_प्रसूती

सगळं पत्रात लिहिलं. नाशिकला फोन झाला, सात-ए आहे म्हणाले, पहाटे पाचला निघतील. ऑपरेशनच्या ऐवजी काय सांगू? घरचे अंतराच्या (तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक) इंजेक्शनला तयार आहेत.

रक्तविकार_नाशिक

अंतरा सहसा दंडात किंवा कुल्ल्यात स्नायूत देतात, अँटीबॉडी असेपर्यंत नको. तांबी बसवली तर अंगावरून आणखी जाईल. इस्ट्रोजेनच्या गोळ्या बायपास औषधांच्या जोडीला गुठळीचा धोका वाढवतात, शिवाय दूध कमी करतात. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या रोज ठरलेल्या वेळी, आणि नवऱ्याने निरोध. ऑपरेशन फॅक्टर आठ नॉर्मल होऊन काही महिने टिकल्यावरच. त्यापेक्षा नवऱ्याची नसबंदी सोपी, टाक्याशिवाय होते आणि तिला एकही सुई टोचावी लागत नाही. ती लगेच लागू होत नाही, तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं दिसेपर्यंत निरोध चालू ठेवावा लागतो, हे दोघांनाही सांगा. तिला आणखी मूल हवं असेल तर पुढच्या गर्भारपणात अँटीबॉडी परत येऊ शकते. नोंदणीच्या वेळी, शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतर एपीटीटी लावायचा, हे आजच तिच्या माता-बाल कार्डावर लाल पेनने लिहून द्या.